छायाचित्रामागचीं नांवें

आमच्या उपनगरांतील वाचनालयाच्या कपाटांत सुमारें तीनशें जुनीं छायाचित्रें आहेत. गणेशोत्सव, हळदीकुंकू, मुलींच्या शाळेचे समूह, स्टेशनापलीकडील भाताचीं खाचरें. गेल्या वर्षीं तरुण कार्यकर्त्यांनीं त्यांच्या संगणकी प्रती केल्या व त्या एका सामाईक चित्रसंग्रहास जोडण्याचें ठरविलें. नोंदी लिहिण्याचें काम निवृत्त मास्तर म्हणून आमच्याकडे आलें. तें वाटलें तितकें सोपें निघालें नाहीं. म्हणून हा लेखप्रपंच.

अशी जोडणी दोन प्रकारांनीं होते. एक, चित्रच सामाईक कोठारांत नेऊन ठेवावयाचें. २००४ सालीं सुरू झालेलें विकिमीडिया कॉमन्स हें असें कोठार होय; तेथील चित्र जगांत कोणीहि, व्यापारासाठीं सुद्धां, वापरूं शकतो. दुसरा, चित्र आपल्याच घरीं ठेवून केवळ त्याची नोंद मध्यवर्ती सूचीस द्यावयाची. खरगपूरच्या आय.आय.टी.नें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मुख्यतः असें चालतें. वाचक शोध तेथें घेतो, पण वस्तु पाहावयास मूळ संस्थेच्या दारीं येतो. दोहोंचा आधार नोंद हाच. ती चुकली कीं चित्र असून नसल्यासारखें.

नोंदीचा सर्वमान्य सांचा ‘डब्लिन कोअर’ या नांवाचा. १९९५ सालीं अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या डब्लिन गांवीं भरलेल्या बैठकींतून तो निघाला (आयर्लंडचें डब्लिन तें नव्हे). शीर्षक, कर्ता, विषय, काल, हक्क असे त्यांत पंधरा रकाने.

कालापासूनच अडखळलों. शाळेच्या एका समूहामागें ‘माघ, शके १८७२’ असें शाईनें लिहिलेलें होतें. कार्यकर्त्यानें ७८ मिळवून १९५० लिहून टाकलें. परंतु माघ पुढील इसवी सनांत पडतो, तेथें ७९ मिळवावे लागतात. चित्र १९५१ चें. स्थळाची गोष्ट याहून बिकट. अंधेरी, घाटकोपर १९५० सालीं मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं; बोरिवली, मुलुंड १९५७ सालीं. जुन्या छायाचित्रावर ‘मुलुंड, जि. ठाणें’ असलें तर ती चूक नव्हे. पण ‘मुलुंड, मुंबई’ असा शोध घेणारास तें सांपडत नाहीं. त्यांत १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि यंत्रास ‘ठाणें’ व ‘ठाणे’ हे निराळे शब्द वाटूं शकतात. (आम्ही वडिलांचें वळण सोडलेलें नाहीं, हें चाणाक्ष वाचकांनीं ताडलेंच असेल.) मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून शेजारीं आजचें रूप लिहावें, हा उपाय आम्हांस बरा वाटला.

खरी अडचण स्त्रियांच्या नांवांची. त्याच समूहांत दुसऱ्या रांगेंत उभी असलेली मुलगी आणि दहा वर्षांनंतरच्या हळदीकुंकवांतील एक सौभाग्यवती यांच्या दोन नोंदी आम्हीच लिहिल्या. आडनांव निराळें, नांवहि निराळें. पुढें अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक आजी वाचनालयांत आल्या. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “मास्तर, ही मीच, आणि तीहि मीच. माहेरचें नांव तांदळांतच राहिलें.”

पंधरा रकान्यांत माहेरच्या नांवास जागा नाहीं. ‘वर्णन’ या रकान्यांत आम्हीं दोन्ही नांवें घातलीं. आजींनीं आणखी सात मुली ओळखल्या, एकीविषयीं मात्र म्हणाल्या, “तिच्या घरच्यांना विचारल्यावांचून नांव घालूं नका.” कायद्यानें १९५१ च्या छायाचित्रावर आतां कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाहीं. तरी तो समूह आम्हीं घरींच ठेवला, सूचीस नोंद तेवढी पाठविली, आणि त्या नोंदींतून तें एक नांव वगळलें. कार्यकर्त्यांपैकीं एकास हें पटलें नाहीं.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २००८ सालीं आपलीं जुनीं छायाचित्रें फ्लिकरवर मांडलीं, तेव्हां वाचकांनींच कित्येक माणसें व स्थळें ओळखून दिलीं. आमच्या आजी तेथें जाणार नाहींत. म्हणून छायाचित्रांच्या मोठ्या छापील प्रती घेऊन आम्हीच घरोघर जातों. ज्यांच्या ट्रंकांत असे समूह पडून असतील, त्यांनीं प्रत काढतांना मागची बाजूहि घ्यावी. आमच्याकडे ती प्रथम राहून गेली, व तीनशें चित्रें पुन्हां कपाटांतून काढावीं लागलीं.

मागच्या रांगेंतील चौघींचीं नांवें अद्याप लागलेलीं नाहींत. त्यासाठीं आजींनीं येत्या रविवारीं एका वर्गमैत्रिणीस मुलुंडहून बोलाविलें आहे.