कर्सर लुकलुकतोय, पायथन गप्प!

उद्या प्रॅक्टिकल आहे, जर्नलवर सही बाकी आहे आणि काळ्या खिडकीत ‘पायथन’ टाइप करून एंटर मारलं तर पुढे काहीच होत नाही. एरर नाही, प्रॉम्प्ट नाही, नुसता कर्सर. अशा वेळी लॅबमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अनइन्स्टॉल करून परत टाक’. जरा थांबा! त्यात रात्र जाईल आणि प्रॉब्लेम तिथेच राहील.

आधी टास्क मॅनेजर उघडा. पायथनच्या नावापुढे सीपीयूचा आकडा शून्याच्या आसपास असेल, तर तो कशाची तरी वाट बघतोय. आकडा चढलेला असेल, तर तो कामात बुडालाय, बहुतेक न संपणाऱ्या लूपमध्ये.

वाट बघण्यातला सगळ्यात फसवा प्रकार विंडोजवरच्या गिट बॅशचा. तिथली खिडकी पायथनला खरा कन्सोल वाटतच नाही. मागून पाइपमधून प्रोग्रॅम येतोय असं समजून तो गपचूप ऐकत बसतो, म्हणून ते तीन बाण उमटत नाहीत. ‘पायथन’पुढे स्पेस देऊन ‘डॅश आय’ लावा किंवा ‘पायथन’च्या आधी ‘विनपीटीवाय’ लिहा, लगेच बोलायला लागेल. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये वेगळीच गंमत. चुकून माउसने क्लिक झालं की मजकूर सिलेक्ट होतो आणि चालू प्रोग्रॅम जागीच थिजतो. एस्केप दाबा, सुटतो. लिनक्सवर हाच उपद्व्याप कंट्रोल-एस करतं, त्यावर उतारा कंट्रोल-क्यू. आणि बाणांऐवजी तीन टिंबं दिसली तर बहुतेक तुमचा कंस उघडाच राहिलाय.

आता लूप. कंट्रोल-सी दाबा आणि जो लांबलचक मजकूर येईल तो पुसू नका, वाचा! प्रोग्रॅम नेमका कुठल्या ओळीवर होता ते त्याच्या शेवटाकडे लिहिलेलं असतं. लॅबमध्ये निम्मी मंडळी हाच पुरावा खिडकीसकट बंद करतात. कंट्रोल-सीलाही दाद देत नसेल, तर लूपच्या आत नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहिलंय का बघा. ते कंट्रोल-सीसुद्धा गिळतं. त्याच्यापुढे एररचं नाव लिहायची सवय लावा.

‘प्रोग्रॅम अडकणार हे कॉम्प्युटरने आधीच सांगायला काय हरकत आहे?’ अॅलन ट्युरिंगने 1936 मध्येच सिद्ध केलंय, की कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे दरवेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही. थिअरीच्या पेपरात पाठ केलेलं हे ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ प्रकरण ते हेच.

नेटवरून डेटा आणणारा प्रोजेक्ट असेल, तर ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीला टाइमआउट स्वतः द्यावा लागतो. नाही दिला, तर पलीकडचा सर्व्हर गप्प बसला की तुमचा प्रोग्रॅमही बसला! आणि पायथन सुरू होतानाच अडकत असेल तर ‘डॅश व्ही’ लावून चालवा. लोड होणारं एकेक मॉड्यूल स्क्रीनवर येत जातं, जिथे ते थांबेल तिथून शोध सुरू करा.