घरकुलाचा कागदावर नसलेला हप्ता

मार्च महिना उजाडला की तालुक्याच्या गावातील सिमेंट-लोखंडाच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक येऊ लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले घरकुलाचे मंजुरीपत्र, सोबत गवंडी आणि तोंडी एकच विनंती : "शेठ, वीस पोती सिमेंट अन् सळई द्या. हप्ता पडला की आणून देते." मागणारी बहुधा स्त्री असते, कारण घरकुल शक्यतो पत्नीच्या अथवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे मंजूर करावे, असा योजनेचा नियम आहे. गल्ल्यावर बसलेल्या तरुण मुलाला प्रश्न पडतो : शासनाने रक्कम मंजूर केली असताना ही बाई उधारी का मागते?

याचे उत्तर योजनेच्या रचनेतच आहे. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तीत मैदानी प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान मिळते. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे लागते. यांखेरीज रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी (२०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० रुपये) आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळतात. मैदानी भागात ही बेरीज १ लाख ६० हजारांवर जाते, म्हणजे चौरस फुटास सुमारे ५९५ रुपये. बांधकामाचे साहित्य विकणाऱ्या घरांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजारांची वाढ जाहीर केली, घरकुलासाठी पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरणही आहे. तथापि वाळू घाटावरून दारापर्यंत आणण्याचे भाडे ज्याचे त्यानेच सोसायचे असते.

रक्कम अपुरी आहे हा झाला एक भाग. त्याहून बिकट प्रश्न ती केव्हा मिळते, हा आहे. पहिला हप्ता मंजुरीनंतर मिळतो. पुढील हप्ते मात्र काम झाल्यावरच येतात. जोते झाले की छायाचित्र, भिंती लिंटेलपर्यंत आल्या की छायाचित्र, छत पडले की पुन्हा छायाचित्र. ही छायाचित्रे स्थळाच्या अक्षांश-रेखांशासह संगणक प्रणालीवर चढवावी लागतात. पंचायत समितीच्या अभियंत्याने पाहणी केली की पुढील रक्कम निघते. सार्वजनिक पैशाचा हिशेब राहावा म्हणून ही शिस्त योग्यच आहे. पूर्वी कागदोपत्री घरे उभी राहत, ती पद्धत या छायाचित्रांनी बरीच मोडली. परंतु ज्या कुटुंबाकडे भांडवलच नाही, त्याने आधी खर्च करावा व मग भरपाई घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण व्हावे, अशी अपेक्षा. मधले अंतर भरून काढते ती दुकानातील उधारी. शासनाच्या कोणत्याही तक्त्यात हा हप्ता दिसत नाही, पण त्यावाचून कित्येक घरे जोत्यावरच थांबतील.

हप्ता लांबण्याची काही कारणे बँकेच्या खिडकीशी सापडतात. आधारवर माहेरचे नाव आणि खात्यावर सासरचे, हे नित्याचेच. दुसरे असे की आधारवर आधारित रक्कम, आधार क्रमांक सर्वांत शेवटी ज्या बँकेत जोडला गेला तेथील खात्यात जाते. बाई जुने पासबुक घेऊन बँकेत खेटे घालते आणि पैसे मात्र दुसऱ्याच बँकेतील विस्मृत खात्यात पडून असतात. तिसरा अडथळा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या 'लहान' खात्यात एका वर्षात एक लाखाहून अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही. घरकुलाचे अनुदान ही मर्यादा सहज ओलांडते. मंजुरीपत्र हाती पडताच आधार व ओळखीचे कागद देऊन खाते नियमित करून घेतले, तर पुढचे खेटे वाचतात.

आता दुकानदाराची बाजू. उधारीत त्याचेही भांडवल गुंतते, कंपनीला मात्र रोख मोजावे लागतात. म्हणून उधारीचा भाव चढा असतो. समजा, रोखीत ३५० रुपयांना मिळणारे पोते उधारीत ३७० ला दिले आणि पैसे ४५ दिवसांत आले. वीस रुपये ही क्षुल्लक रक्कम वाटते. वार्षिक दराने मांडले तर ते ४६ टक्क्यांहून अधिक व्याज होते. परवानाधारक सावकाराला विनातारण बिगरशेती कर्जावर महाराष्ट्रात वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे, हे येथे आठवते. पोत्याच्या भावाला तो कायदा लागू नाही, हे खरे. पण व्यापारी कुटुंबात गणित सर्वांनाच येते. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्यातून सुटलेले पैसे घरकुलाच्या गिऱ्हाइकापर्यंत किती पोहोचले, हे ज्याचे त्याला ठाऊक.

याहून गंभीर प्रकार म्हणजे हमी म्हणून पासबुक, एटीएम कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक ठेवून घेणे. हप्ता पडताच दुकानदार स्वतःच पैसे काढून घेतो. बाईला शिल्लक किती उरली हेही कळत नाही. मजुरी न मिळाल्याने गवंडी काम सोडून जातो आणि घर अर्धवट राहते. बुडीत उधारीची भीती खरी असली तरी हा मार्ग समर्थनीय नाही. मंजुरीपत्राची झेरॉक्स ठेवावी, पंचायत समितीत चौकशी करून हप्त्याची स्थिती जाणावी, छताच्या टप्प्यापर्यंत माल किती लागेल याचा अंदाज गवंड्याकडून लिहून घ्यावा आणि तेवढ्यापुरतीच उधारी द्यावी. एवढ्याने धोका बराच आवाक्यात येतो.

नगरपरिषद व महानगरपालिकांच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांना केंद्राचे दीड व राज्याचे एक असे अडीच लाख रुपये मिळतात. तेथेही रक्कम टप्प्याटप्प्यानेच येते. ग्रामीण भागात ज्यांच्याजवळ जागाच नाही त्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीस साहाय्य आहे. ती रक्कम ५० हजारांवरून एक लाख झाली. दुकानातील हमाल, घरकाम करणारी बाई, गोदामाचा राखणदार यांपैकी कोणाचे नाव ग्रामपंचायतीच्या 'प्रपत्र ड' यादीत आहे, हे त्यांच्या मालकांना बहुधा ठाऊक नसते. विचारले तर तेही संकोचाने सांगतात.

मृगाच्या आत छत पडले नाही, तर जुने खोपटे मोडून बसलेले कुटुंब चार महिने ताडपत्रीखाली काढते. म्हणून एप्रिल-मेमधील उधारीचे मोल निराळे असते. काही पेढ्यांवर अशा गिऱ्हाइकाची वेगळी वही असते. तीत प्रत्येक पोत्याची तारीख व रोखीचाच भाव लिहिलेला असतो, शेवटच्या पानावर बाईचा अंगठा अथवा सही असते आणि त्याच पानाची एक प्रत तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मंजुरीपत्राशेजारी जाते.