संत्र्याच्या सालीच्या गोड फोडी

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. ऊनही तेव्हा कोरडे असते. मग सोललेली साल उकिरड्यावर का टाकायची? तिच्या गोड फोडी करा. पोरं आवडीने चघळतात.

साल ताजी, बिनडागी घ्या. बागेत नुकताच फवारा मारला असेल तर ती फळे नकोत. साल धुऊन, आतले धागे काढून बोटभर लांब फोडी करा. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी नव्या पाण्यात १० मिनिटे उकळा, पाणी फेका. असे ३ वेळा. इथे आळस केलात, तर कडवटपणा राहिलाच म्हणून समजा.

उकडलेल्या १ किलो सालीला १ किलो साखर लागते. पण ती एकदम घालू नका. पुष्कळ जणींची फसगत इथेच होते. दाट पाक सालीतले पाणी झपाट्याने ओढून घेतो. साल आक्रसते, चामड्यासारखी वातड होते. म्हणून पहिल्या दिवशी अर्धा किलो साखर, साल बुडेल इतके पाणी, एक उकळी अन् रात्रभर झाकण. दुसऱ्या दिवशी फोडी काढून पाकात पाव किलो साखर घाला, आटवा, फोडी परत सोडा. तिसऱ्या दिवशी उरलेली साखर आणि एका लिंबाचा रस. आता पाक मधासारखा दाट हवा. भांडे स्टीलचे घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत पाक कळकतो.

रात्रभर मुरलेल्या फोडी निथळून, चाळणीवर पातळ फडक्याखाली वाळवा. बोटाला चिकटेनाशा झाल्या, की पिठीसाखरेत घोळवून कोरड्या बरणीत भरा. उरलेला पाक सरबताला होतो.