पहिला लॉकर पुढे की मागे?

पावसाळा आला की ग्रुपवर ऑफ-रोडिंगचे रील्स सुरू होतात. मग तुम्हालाही वाटतं, घरच्या जुन्या फोर बाय फोरला ‘डिफ लॉक’ बसवून घ्यावा. बजेट मात्र एकाचंच! मग पुढे बसवायचा की मागे?

आधी भानगड समजून घ्या. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म! लॉक केलं की दोन्ही चाकं बरोबर फिरतात.

चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, त्यामुळे पकड तिथे जास्त मिळते. शिवाय स्टिअरिंग मोकळं राहतं. म्हणून पहिला लॉकर मागेच. पुढचा लावला की स्टिअरिंग जड होतं. चाकं पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबलात तर पुढच्या ॲक्सलचे जॉइंट तुटू शकतात. मात्र उंच दगडावर पुढची चाकं चढवायची असतील तर तोच कामी येतो. फोर्स गुरखाला दोन्हीकडे लॉक आहेत, थारच्या काही मॉडेल्सना फक्त मागे.

एक धोका लक्षात ठेवा. एका बाजूला कललेल्या निसरड्या वाटेवर मागचा लॉक लावून रेस केलीत, तर मागची दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीची शेपूट दरीकडे जाते. तिथे लॉक काढा. डांबरी रस्त्यावर आल्यावरही काढाच. आणि एकट्याने जाऊ नका, सोबत दुसरी गाडी हवीच!