घोडा शिकवायला चाबूक नको, पेनाची 'टिक' पुरे

रत्नागिरी : डिसेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी वाढते. पोरंटोरं हौसेने घोड्यावर बसतात. पण सकाळच्या गारव्यात घोडा जास्त फुरफुरतो, लवकर दचकतो. तेव्हा चाबूक उगारला तर तो आणखीच बिथरतो. यावर 'क्लिकर' पद्धत कामाला येते.

पद्धत सोपी आहे. घोड्याने बरोबर केलं की त्याच क्षणी 'टिक' आवाज करायचा आणि लगेच गाजराचा तुकडा द्यायचा. टिक म्हणजे 'हेच बरोबर' ही खूण. डॉल्फिनला शिकवणारे हेच काम शिट्टीने करतात.

क्लिकर नसेल तर बटणाचं बॉलपेन चालतं. जिभेने टकटक मात्र नको. तो आवाज बऱ्याच घोड्यांना 'चल' म्हणून माहीत असतो, गोंधळ होतो.

सुरुवातीला 10-15 वेळा नुसतं टिक आणि खाऊ. घोडा खिशात तोंड घालू लागला तर खाऊ देऊ नका. तोंड बाजूला नेलं की टिक. मग पाय उचलायला शिकवा. आधी पायावरचा भार हलवला तरी टिक, नंतर खूर जरासा उचलला की टिक.

थंडीत अंग आखडलेलं असतं. म्हणून ऊन आल्यावर आधी 10 मिनिटं चालवा. शिकवणी 5 मिनिटांचीच ठेवा. पाय देतच नसेल तर खूर दुखत असेल, पशुवैद्यकांना दाखवा.

माराच्या भीतीने घोडा उभा राहतो, पण पाठीवर लेकरू असताना भरवशाचाच घोडा हवा.