सोलापूरच्या कोटणीसांची सून

आमच्या थेरगावात कारखान्यांच्या निमित्तानं आलेली सोलापूरकडची पुष्कळ बिऱ्हाडं आहेत. सोलापूर म्हटलं की चादरी, शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे आपण कुणीही सांगू. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नावही बहुतेकींच्या कानावरून गेलेलं असतं, निदान व्ही. शांताराम यांच्या सिनेमामुळे तरी. पण त्या घराला एक चिनी सून होती, तिचं नाव काय, नवऱ्यामागं तिचं काय झालं, असं विचारलं तर उत्तर येत नाही. सिनेमा संपतो तिथं आपल्या लेखी तीही संपते.

तिचं नाव क्वो छिंगलान. तिची गोष्ट सांगायची तर आधी त्या युद्धाविषयी थोडं सांगायला हवं. शाळेत दुसरं महायुद्ध शिकवताना आपण १९३९ साल, हिटलर आणि पोलंड इथून सुरुवात करतो. चिनी माणसांसाठी ते कितीतरी आधी सुरू झालं होतं. जपाननं १९३१ मध्ये मांचुरिया गिळला आणि जुलै १९३७ मध्ये थेट उत्तर चीनमध्ये फौजा घुसवल्या. डिसेंबरात नानकिंग पडलं. त्या शहरात बायकामुलांवर जे अत्याचार झाले, ते वाचताना आजही पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं.

चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. आपण तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात. तरीही १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं, ठिकठिकाणी 'चीन दिन' पाळले गेले आणि २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला. पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि दोघे आपल्याकडचे: नागपूरचे पन्नाशी ओलांडलेले चोळकर आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले कोटणीस.

मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेला मुलगा. पुढं शिकायचं, दवाखाना काढायचा, घराला हातभार लावायचा, हीच अपेक्षा असणार ना? घरी चीनची ओळख ती केवढी! चिनी रेशीम विकायला माणसं येत तेवढीच, असं त्यांच्या भगिनींनी पुढे सांगितलं आहे. वडील शांताराम कोटणीस यांनी पाठिंबा दिला. आईला फार वाईट वाटलं. १ सप्टेंबर १९३८ रोजी बोट मुंबईहून सुटली.

चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली. बाकीच्यांनी परत जायला सांगितलं. कोटणीस गेले नाहीत. हे वाचताना माझ्या मनात त्यांच्यापेक्षा त्या आईचाच विचार जास्त येतो. नवरा गेला, आणि मुलगा परक्या मुलखात, युद्धात. या निर्णयाला आपण थोर म्हणतो ते बरोबरच आहे, पण त्याची किंमत सोलापुरातल्या घरानंही मोजली, हे कुठल्याच पुतळ्याखाली लिहिलेलं नसतं.

पुढे एकेक सहकारी मायदेशी परतत गेला. १९४० मध्ये कोटणीस ज्या डोंगराळ मुलखात पोहोचले, तो जपानी फौजांच्या पिछाडीचा होता. शहरं आणि आगगाडीचे रूळ जपान्यांकडे, तर खेडी आणि डोंगर चू ते यांच्या आठव्या सेनेच्या गनिमांकडे. जपानी पलटणी येत ते जाळत, लुटत, मारत. त्यामुळे इस्पितळ एका जागी कधीच राहायचं नाही. सामान खेचरांवर लादायचं, आज या गावात, उद्या पलीकडच्या डोंगरात. शेतकऱ्यांच्या घरात खाटा आणि तिथंच शस्त्रक्रिया. औषधांचा कायम तुटवडा. खायला राळ्याचा भात. (आपल्याकडच्या आजीबाईंनाच आता राळं माहीत असेल!) १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग तीन दिवस-तीन रात्री न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात.

त्याच मुलखात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून जखमींवर उपचार करताना रक्तात विष भिनून १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या इस्पितळाचे कोटणीस १९४१ मध्ये संचालक झाले. तिथल्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत, तेही चिनी भाषेत, आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तकही लिहीत होते.

छिंगलान तिथंच परिचर्या शिकवीत असे. सिनेमात जयश्रीबाईंनी रंगवलेली लाजरीबुजरी नायिका डोळ्यांपुढे असेल तर ती क्षणभर बाजूला ठेवा. ही शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई होती. घरदार सोडून आपण होऊन त्या डोंगरात आलेली. दोघांची पहिली भेट बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात झाली. १९४१ च्या अखेरीस त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं 'इनह्वा'. 'इन' हे भारताच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर आणि 'ह्वा' म्हणजे चीन. सेनापती न्ये रोंगचन यांनी सुचवलेलं हे नाव. बारसं झालं नसेल, पण आजोळ आणि आजोबांचं घर दोन्ही एका नावात आले!

संसार जेमतेम वर्षाचा. कोटणीसांना फेफऱ्याचे झटके येत. उपचारांसाठी दूर जा, असं सांगूनही त्यांनी काम सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांनीच ते गेले. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचं. माओंनी शोकसंदेश लिहिला, सैन्यानं मानवंदना दिली, पण रात्री ते रडणारं बाळ छिंगलाननंच सांभाळलं. शत्रू तर दाराशीच होता. याच १९४२ मध्ये जपानी विमानांनी आपल्या विशाखापट्टणवर आणि कलकत्त्यावर बाँब टाकले, म्हणजे ज्या आगीशी कोटणीस तिकडे झुंजत होते तिची झळ आपल्यालाही लागलीच.

पुढं तिनं दुसरं लग्न केलं, तिला मुलंही झाली. आपल्याकडे कुणी नाक मुरडेल. पण सोलापूरच्या कोटणीसांशी तिचं नातं तुटलं नाही. ती अनेकदा भारतात आली, सासरच्यांना भेटली. १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झालं तेव्हा इनह्वा वीस वर्षांचा होता. वडिलांचा देश आणि आईचा देश एकमेकांवर बंदुका रोखून उभे, आणि त्याच्या नावात मात्र दोघे शेजारी शेजारी! तोही वडिलांसारखाच वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, शिक्षण पुरं व्हायच्या आत, पंचविशीच्या आतच तोही गेला. आईच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा आलं.

ती मात्र दीर्घायुषी ठरली. कोटणीसांच्या सहवासावर तिनं आठवणींचं पुस्तक लिहिलं. दोन्ही देशांच्या समारंभांना तिला मानानं बोलावलं जाई. जून २०१२ मध्ये डालियन शहरात ती वारली, तेव्हा तिचं वय शहाण्णव होतं.

चीनमधल्या शिजियाझुआंग इथं बेथ्यून आणि कोटणीस यांच्या समाध्या आहेत. त्याच शहरात कोटणीसांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे आणि तिथले विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांच्या राहत्या घराचं स्मारक २०१२ च्या जानेवारीत खुलं झालं. छिंगलान तेव्हा हयात होती. अक्कलकोट-पंढरपूरला जाताना सोलापूर वाटेवरच लागतं. मुलांना घेऊन तासभर तिथं उतरायला हरकत नाही.