रेतीबंदरची चौपाटी

गेल्या रविवारी भाच्याचं पोर हट्टाला पेटलं, चौपाटीला चला. आमच्या दिवा गावापासून एका स्टेशनावर चौपाटी कुठली? विचारलं, तर ते आमचं मुंब्र्याचं रेतीबंदर निघालं.

1854 साली रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली, 1916 ला पारसिकच्या बोगद्यातून गाड्या धावल्या. या भागाचा तो इतिहास रेल्वेवाले सांगतात. त्यात दिव्याला काम एकच, फाटकात उभं राहून गाड्या बघायच्या. ते राहू द्या. मला नव्वदचं दशक आठवतं.

तेव्हा खाडीतली रेती डुबीनं निघायची. ओहोटीला होडी नांगरायची, तळात बांबू रोवायचा. डुबीवाला दम धरून बांबूच्या आधारानं खाली जायचा, बादली भरायचा, वरचे दोघे दोरीनं ओढायचे. संध्याकाळी नाक्यावर चहा पिताना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे. खोल पाण्यानं कान गेलेले. कुणी बुडाला तर मुकादमालाही त्याचं अर्धंच नाव ठाऊक. रेतीचा हिशोब मात्र ब्रासवर पक्का.

मग सक्शन पंप आले. रात्रभर धडधड. काठ खचले, बांध फुटले, भातखाचरात खारं पाणी शिरलं, तिवरं आडवी झाली. निवट्यांसारखी मासळी तर आता बाजारातही दिसत नाही. आज जो तो रेतीमाफियांकडे बोट दाखवतो. आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यानं होडी विकून पंपात भागी घेतली होती. ओटीवरची फरशी त्याच पैशातली. तिच्यावर बसूनच हे लिहितोय.

2010 च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयानं वाळूउपशावर बंदी घातली. आम्ही पेपर वाचून खूश झालो. रात्री पंप ऐकू आला.

तोवर दिव्यात खाजणं बुजवून इमारती उठल्याच होत्या. खाडीची रेती न धुता वापरली की मिठानं सळई गंजते, फुगते, स्लॅबचे पोपडे पडतात. भाच्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरावर ताडपत्री बांधलीय. बिल्डर फोन उचलत नाही. 2025 पासून सरकार दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचा पुरस्कार करतंय. म्हणजे खाडी झाली, आता डोंगर. शीळकडचे डोंगर खडीसाठी आधीच कुरतडलेत, म्हणून त्यांना सवय असेल.

रेतीबंदरला पोचलो. पोरानं पिशवीतून प्लॅस्टिकची बादली आणि फावडं काढलं, काठाशी गेलं आणि मागे वळून ओरडलं, "आजोबा, इथे वाळूच नाही!"